धक्क्यावरून निघालेली बाई

आई,

फोनवर कुणी लांबण लावली की तुम्ही मधेच अडवायचात. "आधी काय झालं ते सांगा. कसं झालं ते मग सांगा." म्हणून आधी काय झालं ते सांगतो. आपलं तळं भरलं. मी आणि मुग्धाने मिळून भरलं. तुम्ही जाऊन अजून दोन महिनेही झाले नाहीत, आणि इतके दिवस अडून बसलेलं काम एका रविवारी झालं.

आता कसं झालं ते.

बाबा गेल्यावर मुग्धा तुम्हाला इकडे परदेशात, बॉथेलला घेऊन आली, तेव्हा आपली ओळख म्हणावी अशी नव्हतीच. लग्नात आणि नंतरच्या दोन सुट्ट्यांत झालेली तेवढीच. मी तुम्हाला आई म्हणायचो, तुम्ही मला निखिलराव म्हणायचात, आणि त्यापुढे दोघांकडेही शब्द नसायचे. मुग्धा सकाळी लॅबला गेली की घरात तुम्ही एकट्या. मी वर्क फ्रॉम होम करायचो त्या दिवशी जेवायला आपण समोरासमोर बसायचो. तुम्ही विचारायचात, "आमटी बरी झालीय का?" मी म्हणायचो, "मस्त." मग दोघंही खिडकीबाहेर बघायचो. बाहेर पाऊस असायचा. पाऊस हा विषय दोन दिवस पुरतो, आणि तुम्हाला तर सहा महिने काढायचे होते.

मग तो केनमोरचा दिवस आला. आपण भाजी घेऊन परत येत होतो. सरोवराच्या कडेने रस्ता वळतो तिथे तुम्ही एकदम माझ्या दंडाला धरलंत आणि म्हणालात, "निखिलराव, गाडी थांबवा. ते विमान बुडतंय."

मी म्हटलं, "बुडत नाहीये आई, उतरतंय. त्याला चाकं नाहीत, खाली होड्या आहेत."

तुमचा विश्वास बसला नाही. मी गाडी वळवून पाण्याजवळ घेतली. ते विमान पाणी कापत धक्क्याला लागलं, वैमानिक खाली उतरला, दोरी बांधली, आणि एखाद्या रिक्षातून उतरावं तशी चार माणसं बॅगा घेऊन उतरली. तुम्ही काचेला नाक लावून बघत राहिलात. आणखी एक उतरलं, एक उडालं. मागच्या सीटवर दूध आणि फ्रोझन मटार होते, पण निघू या म्हणायचा मला धीर झाला नाही. बऱ्याच वेळाने तुम्ही म्हणालात, "असलं विमान मी चित्रातसुद्धा नाही पाहिलं."

मी म्हटलं, "आपल्या गॅरेजमध्ये एक आहे."

तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, की मुलीने कुणाशी लग्न केलंय हे आता कुठे कळतंय.

त्या संध्याकाळी तुम्ही पहिल्यांदा गॅरेजमध्ये आलात. खोक्यात बीव्हर नावाच्या मॉडेलचं किट होतं, एका इंजिनाचं, तेच केनमोरचं विमान, अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाचं. पंखाच्या दोन्ही बाजू तळहाताएवढ्या. बाकी सगळे सुटे भाग प्लॅस्टिकच्या चौकटीत अडकलेले. मुग्धा त्याला 'निखिलचा पसारा' म्हणायची आणि गॅरेजमध्ये फक्त वॉशिंग मशीनसाठी यायची. तुम्ही मात्र चष्मा बदलून इंजिनाचा एक एक सिलिंडर बोटावर घेऊन पाहिलात. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेली माणसं वस्तू बघतात कशी, हे मी तेव्हा पाहिलं.  मग विचारलंत, "याच्याभोवती काय येणार?"

विमानाभोवतीच्या देखाव्याला आम्ही हौशी लोक डायोरामा म्हणतो. तुम्ही त्याला शेवटपर्यंत आरास म्हणालात. मी समजावून सांगितलं, की सरोवराचा एक कोपरा येणार, लाकडी धक्का येणार, मागे देवदाराची झाडं, पुढे पाणी. तुम्ही म्हणालात, "मग विमान तुम्ही करा. आरास मी करते." विचारलं नाहीत, सांगितलंत.

त्यानंतर आपल्याला विषय कमी पडला नाही.

एरियलसाठी केसाएवढी बारीक तार लागते. प्लॅस्टिकची काडी मेणबत्तीवर तापवायची आणि नेमक्या वेळी दोन्ही हातांनी हलकेच ओढायची. माझ्या चार काड्या तुटल्या. तुम्ही बाजूला उभ्या होतात. म्हणालात, "अजून पाक आला नाही. एकतारी होऊ दे." मी थांबलो. तुम्ही "आता" म्हणालात आणि मी ओढली. तार निघाली ती गॅरेजच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पण तुम्ही म्हणता तसंच दर वेळी बरोबर असायचं असंही नाही. पंखाच्या खालच्या भागाला गडद रंग हवा म्हणून तुम्ही हट्ट धरलात, मी ऐकलं, आणि तो सगळा रंग घासून काढायला मला आख्खा वीकेंड गेला. तुम्ही म्हणालात, "चुकलंच." आणि घासायला दुसरा कागद घेऊन बसलात.

धक्क्याच्या फळ्या कॉफी ढवळायच्या काड्यांच्या होत्या. नव्या लाकडाचा पिवळा रंग जायला हवा होता. पावसापाण्यात राहिलेलं लाकूड राखाडी होतं. तुम्ही काड्या चहाच्या पाण्यात भिजवल्यात, त्या तपकिरी झाल्या. मी व्हिनेगरमध्ये भांडी घासायचा लोखंडी काथ्या बुडवून ठेवला आणि ते पाणी दुसऱ्या काड्यांना लावलं, तर काही विशेष झालं नाही. मग वैतागून मी तुमच्या चहाच्या काड्यांवर माझं पाणी फिरवलं. आपल्या डोळ्यांदेखत त्या राखाडी होत गेल्या. अगदी केनमोरच्या धक्क्यासारख्या. तुम्ही एक काडी उजेडात धरून म्हणालात, "हे दोघांचं आहे हं. कुणाला सांगताना दोघांचं म्हणून सांगायचं." आज सांगतोय.

आपलं खरं भांडण माणसांवरून झालं. तुम्ही रोज नदीकाठच्या ट्रेलवर फिरायला जायचात आणि खिशातून शेवाळ, काटक्या, वाळलेली फुलं घेऊन यायचात. झाडं उभी राहिली, किनारा झाला. एक दिवस तुम्ही हात धुऊन मागे सरलात आणि म्हणालात, "आरास सुनी वाटते."

मी म्हटलं, "सुनी नाही, अचूक आहे. या मापाची माणसं कितीही चांगली केली तरी बाहुल्यांसारखी दिसतात. मग विमानसुद्धा खेळणं वाटतं."

"धक्का कशाला बांधलाय मग? माणसं चढायला-उतरायलाच ना?"

"माणसं आत्ताच गेलीत असं समजायचं."

"मी का समजू? तुम्ही दाखवा."

हे भांडण आठवडेच्या आठवडे चाललं. पोळ्या लाटताना, गाडीत, मुग्धाच्या समोर. ती म्हणायची, "तुम्ही दोघं प्लीज टीव्हीबद्दल भांडा, नॉर्मल लोकांसारखं." मग एक दिवस तुम्ही पुट्टीची एक बाई करून माझ्यासमोर ठेवलीत. नखापेक्षा थोडी मोठी. अंगावर साडी, साडीवर जाडजूड जॅकेट, पायात स्पोर्ट्स शूज. ट्रेलवर फिरायला जाणारी तुम्हीच. हातात बॅग.

मी म्हटलं, "आई, हे विमान साठच्या दशकातलं आहे. तेव्हा इथल्या धक्क्यावर साडीतली बाई कुठून येणार?"

"मी आले तशी."

"आणि ती कुणाची वाट बघतेय?"

तुम्ही ब्रश पाण्यात बुडवलात, काठावर टेकवून निथळलात. "वाट नाही बघत. निघालीय ती. बॅग दिसत नाही का?"

गॅरेजमधला हीटर घरघरत होता. मी कळल्यासारखं दाखवलं नाही, पण मला कळलं होतं. तेव्हा मुग्धा तुमच्या मुक्कामाच्या एक्स्टेन्शनचे पेपर्स भरत होती आणि पुढे कायमचं कसं ठेवता येईल याची चौकशी करत होती. तुमची खोली तिने रंगवून घेतली होती, देव्हारा आणला होता. मी विचारलं, "कधी जायचं म्हणताय?"

"पुट्टी वाळली की," म्हणालात. मग हसलात आणि म्हणालात, "तू तिकिटाचं बघशील का? तिला मी सांगते."

पहिल्यांदाच तुम्ही मला 'तू' म्हणालात. आपल्या दोघांनाही ते कळलं.

जेवताना तुम्ही सांगितलंत. मुग्धाने चमचा खाली ठेवला. "तुला इथे काय कमी आहे, आई?"

"काही कमी नाही. कमी असतं तर ते भरून काढण्यात वेळ गेला असता."

"आत्ता तर पूर येऊन गेलाय सांगलीत. त्या घरात एकटी राहणार?"

"तिसऱ्या मजल्यावर पाणी येत नाही. आणि एकटी कशाने? अख्खी बिल्डिंग आहे."

"तुला काही झालं तर मला पोचायला दोन दिवस लागतात."

"लागू देत," तुम्ही म्हणालात. ते ऐकायला कठोर होतं. पण तुमचा हात तिच्या मनगटावर होता, हे मी पाहिलं. मुग्धा माझ्याकडे वळली. "तू काहीतरी बोल ना."

मी म्हटलं, "आईंना जायचं असेल तर त्यांनी जावं."

त्या वाक्याबद्दल मला कधी पश्चात्ताप झाला नाही. तुम्ही गेल्यानंतरही नाही. तो होतो का हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारून पाहिलंय. पण त्या वाक्यानंतर मुग्धा आणि माझ्यामध्ये काहीतरी थंड झालं ते राहिलंच. सी-टॅक विमानतळावर तुम्हाला सोडून येताना ती मागच्या सीटवर जाऊन बसली. तुम्ही ती पुट्टीची बाई कापसात गुंडाळून फिल्मच्या डबीत घालून माझ्या टेबलावर ठेवली होती. निघताना म्हणालात, "ठेवायची की नाही ते तू ठरव. मात्र ठरव."

मी ठरवलं नाही. बाई ठेवायची की नाही हे ठरल्याशिवाय पाणी ओतता येईना. पाणी म्हणजे दोन डब्यांतली रसायनं एकत्र करून ओतायचं पारदर्शक रेझिन. ते एकदा घट्ट झालं की पुन्हा धक्क्याला हात लावता येत नाही. शिवाय कामाची डेडलाइन होती, थंडी होती. कारणं मिळत गेली.

सांगलीला तुम्ही मजेत होतात. हे मुग्धा मान्य करत नव्हती. शनिवारी फोन कार्डावरून ती तुमच्याशी बोलायची ते गोळ्या, बीपी आणि कामवाली वेळेवर येते का, एवढंच. मग मला फोन द्यायची आणि आपण कामाचं बोलायचो. तुम्ही गूढपणे विचारायचात, "गवत कशाने चिकटवायचं? फेव्हिकॉल पांढरा दिसतो." "पातळ करून लावा, वाळल्यावर दिसत नाही." काय चाललंय विचारलं तर "काही नाही, सहज." शेवटच्या फोनवर तुम्ही म्हणालात, "ते तुमचं पाणी इथे मिळत नाही रे. कोल्हापूरला चौकशी करते." मी म्हटलं, "अहो पण कशासाठी?" तेवढ्यात कार्डातली मिनिटं संपली.

त्यानंतर फोन आला तो शेजारच्या आरवाडे काकूंचा. तुम्ही दुपारी जेवून पडलात आणि चहाला उठला नाहीत.

मुग्धा मिळेल त्या विमानाने निघाली. माझ्या पासपोर्टवरचा व्हिसा संपला होता. बाहेर पडलो असतो तर परत कधी येता आलं असतं कुणास ठाऊक. मी इथेच राहिलो. ती पोचेपर्यंत तुमच्या पुतण्याने अग्नी दिला होता. तुम्ही 'लागू देत' म्हणाला होतात, आणि खरोखरच तिला दोन दिवस लागले.

दिवस करून ती परत आली. घरात शिरली, बॅग ठेवली, अंघोळ केली, झोपली. पुढचे काही दिवस आम्ही एकमेकांना फक्त जेवायला हाका मारल्या. मला काय करावं कळेना. शेवटी एका रविवारी मी गॅरेजमध्ये गेलो, टेबलावरची धूळ झटकली, विमान नीट पुसलं आणि ठरवलं की आज पाणी ओतायचं. दुःख आहे म्हणून हात बांधून बसायचं नाही. तुम्ही बाबांनंतर बसला नव्हतात. धक्क्याच्या कडेने मी टेप लावत होतो तेव्हा दार उघडलं. मुग्धा आली. वॉशिंग मशीनसाठी नाही.

ती वॉशिंग मशीनला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "तू तिला जाऊ का दिलंस?"

मी टेप खाली ठेवली. "मी जाऊ दिलं नाही. त्या विचारत नव्हत्या, सांगत होत्या."

"तू माझ्या बाजूने बोलला असतास तर ती थांबली असती."

"हो. थांबल्या असत्या."

 मला वाटलं ती निघून जाईल. पण तिने खिशातून कॅमेरा काढला, छोटा स्क्रीन माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, "हे बघ."

तुमचं डायनिंग टेबल होतं. त्यावर वर्तमानपत्रं, आणि वर्तमानपत्रांवर कृष्णेचा घाट. थर्मोकोलच्या पायऱ्या, दगडाचा रंग दिलेल्या. चहाच्या चोथ्याची माती. पायऱ्यांवर माणसंच माणसं. कपडे धुणाऱ्या, पोरांना अंघोळ घालणाऱ्या, नुसत्या बसलेल्या बायका. मी मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. एका कडेला उलटी ठेवलेली होडी. आणि मधे जिथे नदी असायला हवी तिथे कोरा पुठ्ठा.

"आरवाडे काकू, खालच्या नसीमाताई आणि आई," मुग्धा म्हणाली. "रोज दुपारी. काकू म्हणाल्या, तुझ्या आईने आम्हाला झोपू दिलं नाही, वर्षभर कामाला लावलं. मला वाटत होतं ती तिथे एकटी बसून असते. मला वाटत होतं ती हट्टाने तसं सांगत नाही."

मी विचारलं, "तुला सांगितलं का नाही?"

"पूर्ण झाल्यावर दाखवणार होती म्हणे." मग तिने टेबलावरची फिल्मची डबी उचलली. "हे काय आहे?"

मी काही बोलायच्या आत तिने कापूस उलगडला. बाई तिच्या तळहातावर आली. तिने ती डोळ्यांजवळ नेली, आणि परत आल्यापासून मुग्धा पहिल्यांदा हसली. "बूट बघ. एका बुटाची लेस सुटलेली केलीय." तुमची लेस सुटलेली मी इतके दिवस पाहिलीच नव्हती. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते तिने पुसलं नाही. विचारलं, "ही वाट बघतेय का कुणाची?"

"नाही. निघालीय."

"तिने तुला आधी सांगितलं."

"हो."

"मला का नाही?"

"तू नको म्हणाली असतीस. आणि तुझं त्यांना ऐकावं लागलं असतं."

 बाईच्या बुटांना तिनेच गोंद लावला. कुठे उभी करायची ते मला विचारलं नाही. धक्क्याच्या टोकाला, विमानाच्या दाराशी, एक पाय पुढे असलेली अशी तिने ती उभी केली आणि गोंद धरेपर्यंत चिमट्याने धरून ठेवली. मग मी रेझिन कालवलं, तिने ओतलं. विमानाच्या खालच्या होड्यांभोवती ते सरकत गेलं, धक्क्याच्या खांबांना भिडलं. तळाला तुम्ही रंगवलेले खडे त्यातून स्पष्ट दिसत होते. आम्ही दोघं वाकून, श्वास धरून बघत होतो, बुडबुडे येताहेत का ते.

आई, माझं मत बदललेलं नाही. साठच्या दशकातल्या त्या धक्क्यावर साडी आणि स्पोर्ट्स शूज चुकीचेच आहेत. आमच्या मॉडेलवाल्यांच्या क्लबच्या प्रदर्शनात आपली आरास मांडली की कुणीतरी मला तसं सांगेलच, आणि मी म्हणेन, बरोबर आहे तुमचं. पण बाई तिथून हलणार नाही. तुमच्याशी भांडायला आता मला तीच उरली आहे.

आणि घराचं. तुमचा पुतण्या म्हणाला होता की फ्लॅट विकून टाकू, बंद घर खराब होतं. मुग्धाने दुसऱ्याच दिवशी फोन करून त्याला सांगितलं की घर बंद राहणार नाही. किल्ली आरवाडे काकूंकडे आहे. टेबल कुणीही हलवायचं नाही. पुण्याच्या एका मित्राने रेझिनचे दोन डबे शोधून काकूंच्या पत्त्यावर पाठवले. काल काकूंचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"निखिल, डबे आले. हे नदीत ओतायचं कसं, ते सावकाश सांग. नसीमा लिहून घेतेय."

मी सगळं सांगितलं. दोन्ही किती घ्यायचं, किती वेळ ढवळायचं, खिडक्या उघड्या ठेवायच्या, पातळ थर ओतायचा. मागून नसीमाताईंचा आवाज आला, "घाटाच्या खालच्या पायरीपर्यंतच ना? पुरासारखं नको." काकू म्हणाल्या, "पूर नको बाई, तो बघून झाला." मग मला म्हणाल्या, "होडीला रंग द्यायचा राहिलाय. तिने मुद्दाम शेवटी ठेवली होती. आम्ही देऊ का?"

मी उत्तर देणार होतो. मुग्धाने फोन माझ्या हातातून घेतला. ड्रॉइंग टीचरची मुलगी म्हणून सगळे हसतील या भीतीने शाळेत हातात ब्रश न धरलेली तुमची मुलगी. नंतरही तिने कधी धरला नाही, हे तुम्हीच मला सांगितलं होतं.

"नको, काकू," ती म्हणाली. "नदी भरा तुम्ही. होडी मी येऊन रंगवते."